वजन घटवणाऱ्या गोळ्या

वजन घटवणाऱ्या गोळ्या : लठ्ठपणावर डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यायची तोंडी औषधे. भूक मारणे, अन्नातली चरबी आतड्यात शोषू न देणे आणि पोट भरल्याची जाणीव लवकर करून देऊन ती टिकवणे, या तीन वाटांनी त्या काम करतात. शरीराची भट्टी पेटवून चरबी जाळण्याची चौथी वाटही एके काळी चालली होती. तिचे काय झाले ते पुढे येईल. ‘फॅट बर्नर’ किंवा ‘स्लिमिंग’ अशा नावांनी चिठ्ठीशिवाय विकले जाणारे चहा, चूर्णे आणि कॅप्सूल हा या नोंदीचा विषय नाही. एका कारणासाठी मात्र त्यांचा उल्लेख करावा लागतो.

कोणासाठी : लग्नसराईपूर्वी चार किलो उतरवण्यासाठी ही औषधे नाहीत. वजन (किलो) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग, या आकड्याला बॉडी मास इंडेक्स किंवा बीएमआय म्हणतात. पाश्चात्त्य देशांत तो ३० च्या वर असेल, किंवा २७ च्या वर असून जोडीला मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार असेल, तर गोळीचा विचार होतो. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकमताने ही रेघ खाली आणली : नुसता २७, किंवा विकार असल्यास २५. पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसाला हे अनुक्रमे सुमारे ६९ आणि ६४ किलो पडतात.

रेघ खाली का आली, याचे उत्तर पुण्याशी जोडलेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे पुस्तकी हिशेबाने दोघेही सडपातळ. अंगातल्या चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. आपल्याकडचा माणूस दिसायला किडकिडीत असून आतून लठ्ठ असू शकतो, हे इतक्या कमी जागेत दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. वजनकाट्याइतकीच कमरेची टेपही महत्त्वाची, हा धडा त्यातून मिळतो.

पूर्वेतिहास : चरकसंहितेच्या ‘अष्टौनिन्दितीय’ अध्यायात अतिस्थूल माणसाची गणना निंदिलेल्या आठ प्रकारच्या देहांत केली आहे. उपाय सांगितला आहे तो पचायला जड पण पोषणाला हलक्या आहाराचा, म्हणजे पोट भरावे आणि अंगी लागू नये असा. आजच्या गोळ्या वेगळ्या मार्गाने जवळपास हेच साधू पाहतात.

आधुनिक औषधांची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जनावरांच्या थायरॉइड ग्रंथीच्या अर्काने झाली. वजन उतरे, पण छाती धडधडे आणि स्नायूही झिजत. त्यानंतर आली ती चौथी वाट. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल हे रसायन हाताळणारे कामगार घामाघूम होत, वाळत जात आणि काही दगावत. १९३३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कटिंग आणि टेंटर यांनी हेच रसायन लठ्ठपणावरचे औषध म्हणून पुढे आणले. पेशीत अन्नापासून जी ऊर्जा साठवली जायची, ती या रसायनामुळे नुसती उष्णता होऊन निघून जाते. वजन खरोखरच झपाट्याने उतरते. मात्र मात्रा थोडी चढली की अंगाचा ताप काही केल्या उतरत नाही आणि माणूस आतून भाजल्यासारखा मरतो. त्यावर उतारा नाही. तरुण बायकांना मोतीबिंदू झाले. १९३८ च्या अमेरिकी औषध कायद्यानंतर ते बाजारातून गेले, पण इंटरनेटवरून व्यायामशाळेतल्या तरुणांपर्यंत ते अजून पोहोचते. ब्रिटनने २०२३ मध्ये त्याला नियंत्रित विषांच्या यादीत टाकले.

त्यानंतरची तीस वर्षे अॅम्फेटामिनची. भूक मरे, झोप उडे, हुरूप येई आणि सवय लागे. अमेरिकेत ‘इंद्रधनुष्यी गोळ्या’ नावाचा एक धंदाच उभा राहिला. सकाळची एका रंगाची, दुपारची दुसऱ्या, रात्रीची तिसऱ्या. त्यांत अॅम्फेटामिन, थायरॉइड, लघवी वाढवणारे औषध, जुलाबाचे औषध, हृदयविकारावरचे डिजिटॅलिस आणि या सगळ्याने उडालेली झोप आणण्यासाठी बार्बिट्युरेट. १९६८ मध्ये ‘लाइफ’ मासिकाच्या सुझॅना मॅकबी अशा दहा डॉक्टरांकडे गेल्या. त्या लठ्ठ नव्हत्या, तरी १,४७९ गोळ्या घेऊन परतल्या. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटपुढे या धंद्याची सुनावणी झाली. युरोपात त्याच सुमारास अॅमिनोरेक्स हे भूक मारणारे औषध मागे घ्यावे लागले. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत ते घेणाऱ्यांच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब जीवघेणा वाढू लागला होता.

एवढे होऊनही हीच चूक मोठ्या प्रमाणावर पुन्हा झाली. फेंटरमिन या भूक मारणाऱ्या औषधाला १९५९ मध्ये आणि तशाच फेनफ्लुरामिनला १९७३ मध्ये अमेरिकेत वेगवेगळी मान्यता मिळाली होती. दोन्ही एकत्र देण्याला कधीच नव्हती. १९९२ मध्ये मायकेल वाइनट्रॉब यांचा १२१ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ‘फेन-फेन’ या जोडीची लाट आली. १९९६ या एका वर्षात अमेरिकेत या औषधांच्या १ कोटी ८० लाखांहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. जुलै १९९७ मध्ये मेयो क्लिनिक आणि नॉर्थ डकोटातल्या फार्गो येथील डॉक्टरांनी २४ बायकांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचे कळवले आणि १५ सप्टेंबरला फेनफ्लुरामिन बाजारातून गेले. भारतात त्यावर १९९८ मध्ये बंदी आली. १२१ माणसांच्या पुराव्यावर लाखो लोकांना औषध देणे हा केवळ कंपन्यांचा दोष नव्हता. चिठ्ठ्या डॉक्टरांनी लिहिल्या होत्या आणि मागितल्या होत्या रुग्णांनी.

त्यापुढची तीन नावे थोडक्यात सांगता येतात. गांजा ओढणाऱ्याला सडकून भूक लागते. तर गांजा मेंदूतले जे कवाड उघडतो तेच बंद करावे, ही रिमोनाबँटमागची कल्पना हुशारीची होती. पण त्या कवाडातून आनंदही येतो. औषध घेणाऱ्यांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढले. युरोपात २००६ मध्ये आलेले हे औषध २००८ मध्ये थांबले, अमेरिकेने ते घेतलेच नाही आणि भारताने २००९ मध्ये बंद केले. सिबुट्रामिन मुळात नैराश्यावर शोधलेले. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे दहा हजार जणांवरच्या चाचणीत हार्ट अॅटॅक आणि पक्षाघात वाढल्याचे दिसले आणि २०१० मध्ये ते जगातल्या बहुतेक बाजारांतून गेले. भारतात २०११ मध्ये बंदी आली. लॉर्कासेरिन २०१२ मध्ये आले आणि कर्करोगाच्या शंकेमुळे २०२० मध्ये गेले.

चिठ्ठीशिवायच्या ‘हर्बल’ मालाचा संबंध येतो तो इथे. बंदी आलेले सिबुट्रामिन अशा कॅप्सूलांत वेष्टनावर न लिहिता मिसळलेले पुन:पुन्हा सापडले आहे. एखाद्या वनस्पतिजन्य गोळीने आठवडाभरात भूक पार गेली आणि छाती धडधडू लागली, तर श्रेय वनस्पतीला देण्याची घाई करू नये.

आजची औषधे : ऑर्लिस्टॅट (१९९९) मेंदूला हात लावत नाही. आतड्यातल्या लायपेज या पाचक विकराला ते अडवते आणि जेवणातली सुमारे तीस टक्के चरबी न पचता बाहेर जाते. मात्रा १२० मिलिग्रॅम, तिन्ही जेवणांबरोबर. कुठे बाहेर जाते हा प्रश्न वाचकाला पडला असेल तर उत्तर सरळ आहे. वडा, भजी किंवा तूप ओतलेली पुरणपोळी खाल्ल्यावर शौचाला तेलकट होते, घाई होते आणि कधी कपड्यांना डाग पडतात. अमेरिकेत निम्म्या मात्रेची गोळी २००७ मध्ये चिठ्ठीविना खुली झाली, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस गडद रंगाची पँट घालण्याचा सल्ला उत्पादकानेच दिला होता. खरे पाहता ही गोळी चरबी अडवते तितकीच तळलेले खाल्ल्याची शिक्षाही देते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे चरबीबरोबरच शोषली जातात, म्हणून त्यांची पूरक गोळी वेगळ्या वेळी घ्यावी लागते. स्वीडनमधल्या चार वर्षांच्या चाचणीत ऑर्लिस्टॅटवाल्यांचे सरासरी ५.८ किलो उतरले, नुसता आहार-व्यायाम करणाऱ्यांचे ३ किलो. चार वर्षांत पावणेतीन किलोंचा फरक, हे यश की अपयश हे ज्याने त्याने ठरवावे.

फेंटरमिन-टोपिरामेट (२०१२) आणि नाल्ट्रेक्सोन-ब्युप्रोपिऑन (२०१४) ही जोडऔषधे प्रामुख्याने अमेरिकेत वापरली जातात. टोपिरामेटने गर्भाला फाटलेल्या ओठाचे व्यंग येऊ शकते. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेह्यांचे वजन थोडे उतरते, पण ते लठ्ठपणाचे औषध म्हणून मान्य नाही.

खरा पालट जीएलपी-१ या आतड्यातल्या संप्रेरकाची नक्कल करणाऱ्या औषधांनी झाला. जेवण आतड्यात उतरले की हे संप्रेरक मेंदूला ‘पुरे’ असा निरोप देते आणि जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते. मूळ संप्रेरक रक्तात काही मिनिटेच टिकते; सेमाग्लुटाइड आठवडाभर टिकते. त्याचे इंजेक्शन (२.४ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा) घेणाऱ्यांचे ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. गोळी बनवणे अवघड होते, कारण सेमाग्लुटाइड प्रथिनासारखे आहे आणि जठर त्याला डाळीच्या वरणासारखे पचवून टाकते. म्हणून त्याला एका वाहक रसायनाची जोड दिली, तरीही गिळलेल्यापैकी जेमतेम एक टक्का रक्तात पोहोचतो. ती गोळी घेण्याचा विधी त्यामुळेच कडक आहे : सकाळी अनशापोटी, अर्ध्या पेल्याहून कमी साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास काही नाही. उठल्याउठल्या चहा लागणाऱ्या घरांत गोळी हटकून इथे हरते. चहाबरोबर घेतली की ती जवळजवळ वाया गेली. थायरॉइडची गोळीही अनशापोटीच असते, तेव्हा दोन्ही असतील तर आधी कोणती आणि किती अंतराने हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.

ही गोळी मधुमेहासाठी अमेरिकेत २०१९ मध्ये आणि भारतात २०२२ मध्ये आली, ३, ७ आणि १४ मिलिग्रॅमची. वजनासाठी २५ मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेने डिसेंबर २०२५ मध्ये मान्य केली. ३०७ जणांच्या चाचणीत ६४ आठवड्यांत तिने सरासरी १३.६ टक्के वजन उतरले, खोट्या गोळीने २.२ टक्के. ऑरफोर्ग्लिप्रॉन हा पुढचा रेणू मुळात जपानच्या चुगाई कंपनीचा. तो प्रथिन नसल्याने पाण्याची आणि उपाशीपणाची अट नाही. ७२ आठवड्यांच्या चाचणीत सर्वांत मोठ्या मात्रेला वजन अकरा-बारा टक्के उतरले. त्याच जातीचे डॅनुग्लिप्रॉन यकृताला इजा होण्याच्या शंकेने फायझरने एप्रिल २०२५ मध्ये सोडून दिले.

मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ किंवा जुलाब हे नेहमीचे त्रास. मात्रा दर महिन्याला थोडी थोडी वाढवण्याचे कारण तेच. पित्ताशयात खडे होतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल तर ही औषधे वर्ज्य. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावे लागते. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. भूक मेलेला माणूस पोळीच्या आधी डाळ, उसळ, अंडी सोडतो आणि दंड-मांड्या झिजवून घेतो. चेहरा ओघळला की मग तक्रार करतो.

गोळी थांबवल्यावर : शरीर गमावलेली चरबी विसरत नाही. चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक घटते, भूक वाढते आणि शरीर खर्चात काटकसर करू लागते. सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन थांबवलेल्यांचे उतरलेले दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आले. रक्तदाबाची गोळी थांबवल्यावर दाब चढला तर कोणी गोळीला खोटे म्हणत नाही. इथे मात्र रुग्णालाच आळशी ठरवले जाते. तेव्हा ‘तीन महिन्यांचा कोर्स’ हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे. औषध सुरू करतानाच ते किती वर्षे परवडेल याचा हिशेब झाला पाहिजे. भारतातील सेमाग्लुटाइडच्या पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतची असल्याने तो हिशेब इथे बदलत आहे.

कायदा : भारतात ही औषधे चिठ्ठीविना विकणे गुन्हा आहे, पाकिटावरची लाल उभी रेघ त्याचीच खूण. जाहिरातीबाबतचा कायदा त्याहून कडक आणि जुना आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या परिशिष्टात ज्या विकारांवर उपाय असल्याची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत लठ्ठपणा आहे. लोकलच्या डब्यात चिकटवलेला ‘महिन्यात दहा किलो कमी’ हा कागद त्या कायद्याने गुन्हा ठरतो.