मिलिटरी डिस्पोजलची बुलेट

स्मरणिकेसाठी इतिहासावर लिही, असा निरोप आला. सिंदखेडराजा आणि लोणारवर अधिकारानं लिहिणारे आपल्या शाळेत पुष्कळ आहेत, म्हणून मी वेगळा विषय घेतला. वर्ग चालू असताना रस्त्यावरून जी धडधड यायची आणि मागच्या बाकांवरच्या माना खिडकीकडे वळायच्या, त्या मिलिटरी बुलेटचा.

'डिस्पोजल' हा शब्द आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर रुळला. युद्ध संपल्यावर लष्कराकडे उरलेल्या जीपा, ट्रक आणि बीएसए, नॉर्टनसारख्या मोटारसायकली विकायला निघाल्या. पुढे स्वतंत्र भारताच्या लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या रेडिचहून रॉयल एनफिल्डच्या 350 सीसी बुलेट आल्या आणि 1955 साली मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली. रेडिचचा कारखाना नंतर बंद पडला. मद्रासचा चालत राहिला. लष्कराची मागणी नसती तर ही गाडी इंग्रजी संग्रहालयांतच उरली असती, असं माझं मत आहे.

लष्करी गाडीच्या नंबराआधी वर टोक केलेला बाण असतो आणि त्यापुढचे दोन आकडे खरेदीचं वर्ष सांगतात. मुदत संपलेल्या गाड्यांचा लॉट 'जसा आहे, जिथे आहे' या अटीवर लिलावात निघतो. व्यापारी लॉट उचलतो आणि सुट्या गाड्या विकतो. मग आरटीओत नवा नंबर. बाण जातो, आपल्याकडे एमएच 28 येतं.

रंगही जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 121व्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना चालतो. म्हणजे ज्या हिरव्या रंगासाठी माणूस एवढी खटपट करतो, तो रंग पहिल्यांदा झाकावा लागतो! कंपनीचीही यातून सुटका नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटनं खाली सोडल्या जाणाऱ्या 125 सीसीच्या 'फ्लाइंग फ्ली'च्या स्मरणार्थ रॉयल एनफिल्डनं 2018 साली 'पेगासस' काढली. जगभरासाठी 1000 गाड्या, त्यांतल्या 250 भारतासाठी. परदेशात ती हिरवीही मिळाली. आपल्याकडे फक्त तपकिरी.

आता खरं सांगायचं तर यंत्र म्हणून लष्करी बुलेट आणि बाजारातली बुलेट यांत फार फरक नसतो. आणि 'कुठंही जाते' हेही पूर्ण खरं नाही. राजूर घाटात ती झोकात चढते, पण घाटाखालच्या काळ्या मातीत, पावसाळ्यात, दीडशे किलोंच्या वर वजनाची गाडी रुतली की चार माणसं लागतात. तिथं दूधवाल्याची राजदूत बरी. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. चालू करायची तर किक हळूहळू दाबत अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणायचा, डीकॉम्प्रेसरची कळ दाबून पिस्टन जरासा पुढं सरकवायचा आणि मग एकच दणका. चुकलं तर किक उलटून पिंढरी सुजते. निवृत्त फौजी हे सगळं न बघता करतात. त्यांनी अशी गाडी घेतली तर त्यात नवल नाही. तिच्यावर त्यांची नोकरी झालेली असते.

बाकीच्यांचं काय? आपल्या जिल्ह्यात भरतीच्या तयारीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं आजही दिसतात. आपल्या बॅचमधलेही बरेच धावायचे. दोघं-तिघं लागले. बाकीचे उंचीत, छातीत नाही तर वयात अडकले आणि शेतीला, दुकानाला लागले. लष्कराची गाडी पदरमोड करून घेणारे मला जास्त या दुसऱ्या गटातले भेटले. त्याला कोणी हौस म्हणतं, कोणी दिखावा. मला तसं वाटत नाही. जिथं आपल्याला घेतलं नाही, तिथं पंधरा-वीस वर्षं काढून आलेली वस्तू दारात उभी असणं, ही फार साधी ओढ आहे.

अशीच एक काळी बुलेट मेळाव्याच्या दिवशी पटांगणात लागलेली असेल. मालक आपल्याच बॅचचा, भरतीत दोनदा उंचीवर राहिलेला. त्याला टूलबॉक्सचं झाकण उघडायला सांगा. गाडी रंगवायला टाकली तेव्हा आतली तेवढी बाजू सोडून दे, असं त्यानं पेंटरला बजावलं होतं.