वाघाची हद्द
वाघाची हद्द : प्रौढ वाघ किंवा वाघीण स्वजातीयांपासून, विशेषतः समलिंगी प्रतिस्पर्ध्यांपासून, राखून असते तो वनप्रदेश. त्याचा विस्तार भक्ष्याच्या विपुलतेवर अवलंबून असतो. नेपाळमधील चितवनात मृगांची रेलचेल असल्याने वाघिणीस सुमारे २० चौ. किमी. पुरतात; रशियाच्या अतिपूर्वेकडील विरळ मृगांच्या अरण्यात तिला सुमारे ४०० चौ. किमी. मुलूख राखावा लागतो. नराची हद्द याहून मोठी असून तीत बहुधा अनेक वाघिणींच्या हद्दी सामावतात.

हा हक्क सनदेचा नव्हे, वहिवाटीचा आहे. झाडाकडे पाठ करून, शेपूट उंच उभारून वाघ मूत्र व ग्रंथिस्राव यांचा फवारा उडवतो, आणि त्यासाठी कललेल्या खोडाची खालची बाजू निवडतो, कारण तेथे पावसाचे पाणी सहसा पोचत नाही. या फवाऱ्यास सुवासिक भाताचा वास येतो. त्यातील एक द्रव्य बासमतीच्या सुगंधातीलच असल्याचे रतनलाल ब्रह्मचारी व सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवले, आणि आपल्या आंबेमोहराच्या घमघमाटातही तेच असते. वाटेवर मागच्या पायांनी पाचोळा सारून काढलेले ओरखडे व त्यांच्या टोकाशी कधी टाकलेली विष्ठा ही दुसरी निशाणी होय. वास काही आठवड्यांत विरतो, म्हणून कितीही बलाढ्य धन्याला फेरा चुकवून चालत नाही; ज्याची खूण शिळी झाली त्याचा अंमल सरला, असे शेजारी समजतो. वाघाच्या पराक्रमाची वर्णने झुंजींनी भरलेली असतात, पण त्याचे खरे सामर्थ्य झुंज टाळणाऱ्या या नित्य गस्तीत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

धनी मेला वा मारला गेला, तर मोकळ्या मुलखावर शेजारी व भटके नर थोड्याच दिवसांत चालून येतात आणि कब्जा घेणारा नर पूर्वीच्या धन्याचे बछडे पुष्कळदा ठार करतो. यास्तव एका वाघाची शिकार ही बहुधा एकाच वाघाची हानी नसते.

वाघीण कन्येस स्वतःच्या हद्दीचा तुकडा सोडून देते. पुत्रास मात्र दीड-दोन वर्षांचा होताच दूर जावे लागते. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला, गळ्यात रेडिओपट्टा असलेला एक तरुण नर शेते, ओढे व रस्ते ओलांडीत, तेलंगणातही शिरून, सुमारे ३००० किमी. चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. तेथे हद्दीसाठी त्याच्याशी झगडणारा दुसरा वाघ नव्हता, आणि वाघीणही नव्हती.