निर्धूर चूल आणि कार्यक्षमतेची कल्पना : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हटला की आपल्या अभ्यासक्रमांत रेल्वे, कापडगिरण्या, धरणे आणि अणुभट्ट्या यांचीच नोंद आढळते. चुलीला त्यात स्थान नाही. वस्तुतः स्वातंत्र्योत्तर भारतात शासनाने ज्या यंत्ररचना थेट घराच्या आत नेऊन बसविण्याचा प्रयत्न केला, त्यांत सुधारित चुलीचा क्रम फार वरचा लागतो. डिसेंबर १९८३ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेला सुधारित चूल कार्यक्रम २००२ मध्ये केंद्रीय पातळीवर संपुष्टात आला. तोपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्याची नोंद झाली होती. त्यांपैकी पुष्कळशा काही वर्षांतच पडल्या, फुटल्या किंवा अडगळीत गेल्या.

या अपयशाची मीमांसा करताना 'ग्रामीण स्त्रियांचे अज्ञान', 'परंपरेचा पगडा', 'जनजागृतीचा अभाव' अशी कारणे वारंवार दिली गेली. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन निराळे आहे. चूल नाकारणाऱ्या स्त्रियांचा नकार हा बहुतांशी तांत्रिक स्वरूपाचा निर्णय होता. वाद सुधारणा आणि परंपरा यांच्यात नसून 'कार्यक्षमता' या एकाच शब्दाच्या दोन अर्थांमध्ये होता, आणि त्यांपैकी एकाच अर्थाला शासकीय कागदांत जागा मिळाली.

मगनवाडी आणि हैदराबाद

चूल सुधारण्याची कल्पना १९८३ ची नव्हे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली तेथे तेलघाणी, हातकागद, मधुमक्षिकापालन यांबरोबर घरगुती साधनांवरही प्रयोग झाले. 'मगन चूल' ही त्याच परंपरेतील. मातीची बांधणी, एकाहून अधिक भांड्यांची सोय आणि धूर बाहेर नेणारे धुराडे अशी तिची रचना होती. स्वयंपाकघरातील धूर कमी व्हावा आणि हे काम गावातल्या मातीने, गावातल्या हातांनी व्हावे, हा त्यामागील हेतू होता. सरपणाची बचत हा त्याचा एक भाग होता, सर्वस्व नव्हे.

१९५० च्या दशकाच्या प्रारंभी हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी याच दिशेने काम केले. लाखो घरांसाठी धूरविरहित स्वयंपाकघर कसे बांधावे, हे सांगणारी त्यांची पुस्तिका १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातही आरोग्य आणि स्वच्छता हेच सूत्र प्रमुख आहे. या टप्प्यापर्यंत चूल हा ऊर्जेचा प्रश्न बनलेला नव्हता.

तो ऊर्जेचा प्रश्न बनला १९७३ च्या तेलसंकटानंतर. १९७५ मध्ये एरिक एकहोम या अमेरिकी लेखकाने सरपणाच्या टंचाईला 'दुसरे ऊर्जासंकट' असे संबोधले आणि जगभरच्या धोरणकर्त्यांचे लक्ष गरिबांच्या चुलीकडे वळले. चिपको आंदोलनामुळे भारतात जंगलतोड हा विषय ऐरणीवर होताच. दोन्हींची सांगड घातली गेली : गरीब बाई लाकूड जाळते, म्हणून जंगल नष्ट होते, तिची चूल सुधारली तर जंगल वाचेल. हे समीकरण सोपे होते, आणि बहुधा त्यामुळेच ते इतके टिकले. १९८८ मध्ये जेराल्ड लीच आणि रॉबिन मर्न्स यांनी आफ्रिकेच्या संदर्भात दाखवून दिले की, वृक्षतोडीचे मोठे कारण शेतीसाठी जमीन मोकळी करणे हे असून घरगुती सरपण हे नव्हे. भारतातही खेड्यांतील सरपण प्रामुख्याने काटक्या, वाळलेल्या फांद्या, शेतातील धसकटे आणि गोवऱ्या यांचे असते. विदर्भ-मराठवाड्यातील कोणत्याही घरामागे पऱ्हाट्या आणि तुराट्या रचलेल्या दिसतात. त्यासाठी जंगल तोडावे लागत नाही.

कार्यक्षमतेचे गणित

प्रयोगशाळेतील कार्यक्षमता म्हणजे इंधनातील एकूण उष्णतेपैकी भांड्यात पोहोचलेल्या उष्णतेचे प्रमाण. हे मोजण्याची रूढ पद्धत पाणी उकळण्याची. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता असते. चुलीची कार्यक्षमता १० टक्के धरली, तर त्यांतील ४०० किलोकॅलरी भांड्यात जातील आणि २० अंशांवरील पाच लिटर पाणी उकळीला येईल. २० टक्के कार्यक्षमतेच्या चुलीवर हेच काम अर्ध्या किलोत होईल. सुधारित चूल कार्यक्रमाने पारंपरिक चुलीसाठी साधारणपणे १० टक्के हा आकडा गृहीत धरला आणि पक्क्या बांधलेल्या चुलीसाठी किमान २० व सुट्या चुलीसाठी किमान २५ टक्क्यांची अट घातली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील 'अस्त्र' या गटाने तयार केलेली तीन भांड्यांची 'अस्त्र ओले' तर प्रयोगशाळेत ४० टक्क्यांच्या आसपास पोहोचली होती.

या गणितात चूक काही नाही. मात्र त्याची दोन गृहीतके तपासण्यासारखी आहेत. पहिले, पारंपरिक चुलीचा १० टक्के हा आकडा. पुढील काळातील चाचण्यांत, सरावलेल्या हातांनी पेटवलेली साधी चूलही याहून बरीच चांगली चालते असे आढळले. जाळ कधी पुढे सारायचा, लाकूड कधी मागे ओढायचे, फुंकणी कधी घालायची हे ज्ञान चुलीत नसते, चालवणारीत असते. चाचणीत मात्र चूल मोजली जाते, चालवणारी मोजली जात नाही.

दुसरे गृहीतक असे, की स्वयंपाक म्हणजे पाणी उकळणे. भात आणि वरण यांबाबत ते काही अंशी खरे आहे. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात मात्र रोजच्या जेवणाचा कणा भाकरी आहे, आणि भाकरीची रीत वेगळी. ती आधी तव्यावर भाजतात, मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करून शेकतात. तेव्हा ती फुगते. यासाठी चुलीला रुंद तोंड हवे, पुढे ओढलेले निखारे हवेत, तव्याखाली पसरलेला जाळ हवा. उष्णता वाया जाऊ नये म्हणून सुधारित चुलीचे तोंड लहान केले होते आणि जाळ आत कोंडला होता. म्हणजे अभियंत्याच्या दृष्टीने जी उष्णतेची गळती, तीच भाकरी शेकणारीच्या दृष्टीने उपयुक्त उष्णता होती.

येथे थोडे विषयांतर करून 'वैल' या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. मराठी घरांतील मातीच्या चुलीला शेजारी वैल जोडलेला असे. मुख्य चुलीतून निसटणारा जाळ आणि गरम वायू आतल्या वाटेने वैलाखाली जात, आणि त्यावर वरणाचे किंवा दुधाचे भांडे मंद आचेवर राही. वाया जाणाऱ्या उष्णतेचा दुसऱ्या भांड्यासाठी उपयोग, हे आधुनिक दोन भांड्यांच्या चुलीचे तत्त्व आमच्या स्वयंपाकघरात शब्दासह अस्तित्वात होते. ज्यांच्याकडे वैल होता त्यांना उष्णतेची बचत ठाऊक नव्हती, हे म्हणणे धाडसाचे होईल.

स्वयंपाकघरातील हिशेब

सुधारित चुलीविषयीच्या तक्रारी देशभरच्या पाहण्यांत नोंदल्या गेल्या आहेत. त्या एकत्र वाचल्या की त्यांमागील हिशेब स्पष्ट होतो. लहान तोंडाच्या चुलीत लांब फांदी जात नाही, ती तोडावी लागते. उघड्या चुलीत लांब काटकी एका टोकाने पेटवून हळूहळू आत सारता येते. पऱ्हाटीचे तर तुकडे करणेच कष्टाचे. म्हणजे लाकूड वाचले, पण ते फोडण्याचे काम वाढले, आणि ते काम बहुधा स्त्रीच्याच वाट्याला आले. धुराड्यात काजळी साचते, ती काढावी लागते. धुराड्यासाठी छपराला भोक पाडले की पावसाळ्यात तेथून गळते. जुन्या चुलीच्या धुराचाही उपयोग होता : त्याने गवती छपरातील कीड आणि आढ्याच्या लाकडातील वाळवी आटोक्यात राही, बियाण्याची कणसे चुलीवर टांगून जपली जात. हिवाळ्यात घर उबदार राही आणि विजेविना असलेल्या घरात जाळाचा उजेडही मिळे.

ही सारी कामे एकच आग करीत होती. पाणी उकळण्याच्या चाचणीत त्यांपैकी एकाच कामाला गुण होते.

याउलट ज्या हिशेबात माणसाचे श्रम धरले गेले, त्याचेही उदाहरण उपलब्ध आहे. अमूल्य रेड्डी आणि 'अस्त्र'मधील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कर्नाटकातील पुरा या खेड्याचा ऊर्जेच्या दृष्टीने अभ्यास केला. लाकूड, वीज आणि रॉकेल यांच्या बरोबरीने त्यांनी सरपण गोळा करण्यात व पाणी आणण्यात जाणारे स्त्रिया आणि मुले यांचे श्रम मोजले. ही दृष्टी राष्ट्रीय कार्यक्रमात उतरली असती, तर त्याचे स्वरूप बदलले असते असे प्रस्तुत लेखकास वाटते. प्रत्यक्षात कार्यक्रम राज्यवार उद्दिष्टांवर चालला. किती चुली बसवल्या याचा आकडा वर जाई. किती चालू आहेत हे नंतरच्या पाहणीवर सोपवले जाई.

धुराचे मोजमाप

धुराचा प्रश्न याच काळात नव्या रूपात परतला. कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकाच्या प्रारंभी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर हवेचे नमुने घेणारी उपकरणे बसवून धुराचे प्रमाण मोजले. त्यांचा शोधनिबंध १९८३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ च्या अहवालात घरातील धुराला आरोग्याच्या प्रमुख धोक्यांत स्थान दिले. त्याच वर्षी केंद्राने चुलीचा कार्यक्रम आवरता घेतला, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

धुराचा अपाय खरा आहे. वर सांगितलेले धुराचे उपयोग हे त्याचे समर्थन नव्हे. महामार्गांवरील 'चुलीवरचे मटण' अशा पाट्यांमधून चुलीचे जे गोडवे आज गायले जातात, ते गाणाऱ्यांना चुलीपुढे बसावे लागत नाही, हेही लक्षात ठेवावे लागेल. परंतु धूर घालवण्याचा उपाय म्हणून दिलेली चूल टिकली का, हा प्रश्न उरतोच. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशातील सुमारे अडीच हजार कुटुंबांचा चार वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर घटला. पुढे चुलींची डागडुजी आणि वापर दोन्ही कमी होत गेले, आणि तो फरक नाहीसा झाला.

महाराष्ट्रातील अनुभव

पुण्याच्या आरती (समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्था) या संस्थेचे काम येथे वेगळे ठरते. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेने 'लक्ष्मी', 'भाग्यलक्ष्मी' अशा चुली विकसित केल्या आणि त्या ठरावीक मापाने बांधता याव्यात म्हणून साचे तयार केले. केंद्रीय कार्यक्रम संपल्यानंतर तिने अनुदानाऐवजी बाजाराची वाट धरली. खेड्यांतील कारागिरांना शिकवून त्यांच्यामार्फत चुली विकण्याचा प्रयत्न केला. पैसे देऊन घेतलेली चूल नापसंत पडली, तर ग्राहक कुंभाराच्या दारात जाऊन बोलू शकतो. अनुदानाच्या चुलीबाबत बोलायचे कोणाशी, हाच प्रश्न होता.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि धोरणाचा भर चूल सुधारण्याऐवजी ती बदलण्यावर आला. सप्टेंबर २०१९ मध्ये या योजनेतील आठ कोटीवी जोडणी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे देण्यात आली. तथापि जोडणी आणि वापर यांत अंतर राहिले. अनेक घरांत चहा, भाजी, पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर होतो, तर भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे ५८.६ टक्के नोंदली गेली. या वर्गीकरणात घराचे इंधन ठरते ते मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या साधनावरून. त्यामुळे ज्या घरात गॅस मुख्य आहे, त्या घराची परसदारातील चूल, ती रोज पेटत असली तरी, या आकड्यात कोठेच दिसत नाही.