प्रोसेसरची नवी पिढी आणि गेम खेळणाऱ्याचा खिसा



संगणकावर गेम खेळणाऱ्या तरुणांच्या घरी दर एक-दोन वर्षांनी एक प्रश्न उभा राहतो. बाजारात प्रोसेसरची नवी पिढी आली आहे. आपल्याकडचा जुना काढून हा नवा बसवावा काय? प्रश्न वरकरणी चैनीचा वाटतो. परंतु प्रोसेसर बदलावयाचा म्हणजे बहुधा मदरबोर्ड बदलावा लागतो, मदरबोर्ड बदलला की पुष्कळदा रॅमही बदलावी लागते, आणि हा सारा खर्च विद्यार्थ्याच्या साठवलेल्या पैशांतून अथवा वडिलांच्या पगारातून व्हावयाचा असतो. तेव्हा हा हिशेबाचा प्रश्न आहे, आणि या हिशेबाला गेल्या तीस वर्षांचा इतिहास फार उपयोगी पडतो. तो चाळला असता असे दिसते की, पिढीचा क्रमांक विक्रेता ठरवतो, तिचा लाभ मात्र गेमच्या पोटात चाललेले काम ठरवते. आणि या दोहोंचा मेळ क्वचितच बसला आहे.

आपण १९९३ सालापासून आरंभ करू. त्या वर्षी मार्च महिन्यात इंटेल कंपनीचा पेंटियम बाजारात आला. (पेंटियमशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते विनोद धाम जन्माने पुण्याचे. पुढे ते इंटेल सोडून नेक्सजेनमध्ये व तेथून एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले, आणि पेंटियमशी टक्कर देणाऱ्या के-६ च्या उभारणीतही त्यांचा वाटा होता, ही गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे.) त्याच वर्षी १० डिसेंबरला अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने 'डूम' हा गेम प्रसिद्ध केला. ३८६ जातीच्या प्रोसेसरवर तो चाले, परंतु अडखळत. खेळणारा मग दृश्याची चौकट लहान करून घेई, म्हणजे प्रोसेसरला कमी ठिपके रंगवावे लागत. ६६ मेगाहर्ट्झच्या ४८६ वर तोच गेम जणू नव्याने जन्माला आल्यासारखा वाटे. मात्र तेथून पेंटियमवर उडी घेणाऱ्यास फारसा पल्ला उरला नव्हता, कारण मूळचा 'डूम' सेकंदाला ३५ हून अधिक चित्रे, म्हणजे फ्रेम, काढीतच नसे. प्रोसेसर कितीही महाग आणा, ३५ ला भिंत होती. शिवाय त्या गेमचे सारे गणित पूर्णांकांत बसवलेले असल्यामुळे ज्याच्या ४८६ मध्ये अपूर्णांकांची आकडेमोड करणारा स्वतंत्र भाग नव्हता त्याचेही काही अडले नाही.

अडीच वर्षांत हेच उत्तर उलटे झाले. जून १९९६ मध्ये त्याच कंपनीचा 'क्वेक' आला. त्याच्या लेखकांनी, विशेषतः मायकेल अ‍ॅब्रॅश यांनी, पेंटियमच्या एका गुणाचा मोठ्या कौशल्याने उपयोग केला. दूरच्या भिंतीवरचे चित्र डोळ्याला खरे दिसावे यासाठी भागाकार करावा लागतो, आणि भागाकार हे सावकाश चालणारे काम आहे. पेंटियममध्ये तो भागाकार अपूर्णांकांच्या विभागाकडे सोपवून, तो होईपर्यंत उरलेल्या प्रोसेसरकडून ठिपके रंगवून घेता येत असत. दर १६ ठिपक्यांमागे एक भागाकार, आणि तोही जवळजवळ फुकटात! याचा फटका बसला तो सायरिक्स कंपनीच्या ६एक्स८६ या प्रोसेसरला. पूर्णांकांच्या कामात हा पेंटियमच्या तोडीस तोड होता; १३३ मेगाहर्ट्झवर चालूनही कंपनी त्यावर '१६६+' असा शिक्का मारी, आणि कचेरीच्या कामापुरता तो शिक्का खोटाही नव्हता. परंतु 'क्वेक' सुरू करताच हा प्रोसेसर खालच्या क्रमांकाच्या पेंटियमच्याही मागे पडे. ज्यांनी तो शिक्का पाहून पैसे मोजले ते फसले असे म्हणता येत नाही. त्यांचे माप वेगळ्या कामाचे होते, एवढेच.

त्याच १९९६ साली थ्रीडीएफएक्स या कंपनीचे 'व्हूडू' कार्ड आले व कामाची वाटणीच बदलली. तोवर ठिपके रंगवण्यापर्यंतचे सर्व काम एकटा प्रोसेसर करीत असे. आता रंगकाम ग्राफिक्स कार्डाकडे गेले. प्रोसेसरकडे उरले ते प्रत्येक फ्रेमसाठी जगाची मांडणी करण्याचे काम: कोण कोठे उभा आहे, कोणाची गोळी कोणास लागली, शत्रूने पुढे काय करावे, आणि या सर्वांतून कार्डाने काय काढावे याची यादी. ही वाटणी आजतागायत टिकून आहे, आणि प्रोसेसर बदलावा की नाही या प्रश्नाची किल्ली तीतच आहे.

यानंतर मेगाहर्ट्झच्या शर्यतीचा काळ आला. मार्च २००० मध्ये एएमडीने व मागोमाग दोनच दिवसांत इंटेलने १ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ ची रचना तर मुख्यतः हा आकडा वाढता राहावा याच हेतूने केलेली होती. प्रोसेसरमधील काम कारखान्यातल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने चालते. पेंटियम ३ मध्ये असे सुमारे १० टप्पे होते, पेंटियम ४ मध्ये ते २० झाले, आणि २००४ च्या 'प्रेस्कॉट' आवृत्तीत ३१. टप्पा जितका छोटा तितके घड्याळ जलद चालवता येते, हे खरे. परंतु प्रोसेसरला पुढचे काम अंदाजाने घ्यावे लागते, आणि अंदाज चुकला की रांगेतले अर्धवट काम टाकून द्यावे लागते. रांग लांब तितकी नासाडी मोठी. गेममध्ये तर 'असे झाले तर हे, नाहीतर ते' अशा वाटा पावलोपावली फुटतात. सारांश, आकडा चढला तरी वेग त्या मानाने चढला नाही; उष्णता मात्र भरपूर चढली. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत रद्द केला, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी ऑर्लँडो येथील एका परिषदेत श्रोत्यांपुढे विनोदाने गुडघे टेकून क्षमा मागितली. जुलै २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओने २.४ गिगाहर्ट्झवर चालून ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला मागे टाकले. ही पिढी ज्याने घेतली त्याचे पैसे सार्थकी लागले, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

आता ज्या कालखंडावर थोडे रेंगाळावेसे वाटते तो २०११ ते २०१७ हा. जानेवारी २०११ मध्ये इंटेलने आय-७ २६००के हा प्रोसेसर ३१७ डॉलरला आणला. जानेवारी २०१७ मध्ये त्याच्या गादीवर आय-७ ७७००के आला, किंमत ३३९ डॉलर. मध्ये सहा वर्षे व अनेक पिढ्या गेल्या. परंतु दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून पाहा: प्रोसेसरचे गाभे, ज्यांना कोअर म्हणतात, ते तेव्हाही चार, आताही चार, जवळची साठवण तेव्हाही ८ मेगाबाइट, आताही ८ मेगाबाइट. कमाल गती ३.८ वरून ४.५ गिगाहर्ट्झ झाली आणि प्रत्येक ठोक्यात होणारे काम थोडे थोडे वाढत गेले. दर वर्षी नवी पेटी निघे. दर एक-दोन पिढ्यांनी मदरबोर्डावरील बैठक बदले. गेममध्ये मात्र एका पिढीमागे पाच-दहा टक्क्यांपलीकडे क्वचितच काही पदरात पडे.

असे का झाले? एक कारण स्पर्धेचा अभाव. ऑक्टोबर २०११ मध्ये एएमडीने आठ कोअरचा म्हणून विकलेला एफएक्स-८१५० गेममध्ये इंटेलच्या चार कोअरच्या मागेच राहिला. त्या 'आठ' या आकड्यावरून पुढे अमेरिकेत खटला होऊन २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरवर तडजोड झाली. दुसरे कारण अधिक खोल आहे आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ही खेळयंत्रे आली. त्यांतील प्रोसेसर दुबळा होता. कोअर आठ खरे, पण १.६ ते १.७५ गिगाहर्ट्झवर चालणारे व साध्या घडणीचे. मोठे गेम या यंत्रांवर चालतील अशा बेताने लिहिले जात. त्यामुळे २०११ चा टेबलावरील प्रोसेसर त्या गेमना पुरून उरत असे. ज्याने त्या काळात प्रोसेसर न बदलता तो पैसा ग्राफिक्स कार्डात घातला, त्याने हिशेब बरोबर केला. २०१७ च्या मार्चमध्ये एएमडीचा रायझन आला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलनेही सहा कोअर दिले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नव्या खेळयंत्रांत आठ दमदार कोअर बसले. मग मात्र चार कोअरच्या जुन्या शिलेदारांचा श्वास खरोखरच लागू लागला.

प्रोसेसर वाट पाहण्यात किती वेळ घालवतो हे पाहिल्यावाचून पुढचा भाग समजणार नाही. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा. रॅममधून एखादी गोष्ट मागवली तर ती यावयास सुमारे ८० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे तीनशेहून अधिक ठोके. कारकून कितीही चपळ असो, प्रत्येक कागदासाठी त्याला तळघरातील दप्तरखान्यात जावे लागले तर त्याची चपळाई काय कामाची? म्हणून प्रोसेसरच्या अंगातच एक छोटी साठवण असते. तिला कॅश म्हणतात. ती मेजाच्या खणासारखी. तेथून वस्तू सुमारे १० नॅनोसेकंदांत हाती येते. गेमच्या जगातील हजारो वस्तूंची माहिती रॅममध्ये विखुरलेली असल्याने गेमला हा खण मोठा असणे फार मानवते.

एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने ५८००एक्स थ्रीडी हा प्रोसेसर काढला. त्यात ३२ मेगाबाइटच्या कॅशवर आणखी ६४ मेगाबाइटचा थर चढवून ती ९६ केली होती. गंमत अशी की, त्याची कमाल गती साध्या ५८००एक्सच्या ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर उतरवावी लागली होती. म्हणजे जाहिरातीत मिरवावयाचा आकडा उलट घटला. तरीही पुष्कळ गेममध्ये तो इंटेलच्या त्या वेळच्या सर्वोत्तम प्रोसेसरच्या बरोबरीला जाऊन बसला. 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' किंवा 'फॅक्टोरिओ' यांसारख्या, जगाचा मोठा पसारा सांभाळणाऱ्या गेमना त्याचा विशेष लाभ झाला. ज्यांचा पसारा मूळच्या कॅशमध्येच मावत होता त्यांना थोडाच. आणि हा प्रोसेसर २०१७ च्या कित्येक मदरबोर्डांवरही बसत असे. माझ्या मते गेम खेळणाऱ्याच्या दृष्टीने गेल्या दहा-पंधरा वर्षांतील सर्वांत शहाणा बदल हाच; कारण बाकीचे यंत्र न हलवता तो करता येत होता.

याच्या उलट २०२४ सालाकडे पाहा. ऑगस्टमध्ये आलेले रायझन ९०००चे साधे प्रोसेसर स्वतंत्र चाचण्यांत आधीच्या पिढीच्या थोड्या टक्क्यांनीच पुढे निघाले. ऑक्टोबरमध्ये आलेला इंटेलचा कोअर अल्ट्रा २८५के वीज कमी खात असला तरी अनेक गेममध्ये आपल्याच पूर्वीच्या १४९००केच्या मागे राहिला. त्या जुन्या घराण्याचेही दुखणे त्याच वर्षी बाहेर आले होते: तेराव्या व चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर प्रमाणाबाहेरच्या व्होल्टेजने खिळखिळे होत होते. इंटेलने ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली व हमी दोन वर्षांनी वाढवली. पण जे आधीच बिघडले ते त्या दुरुस्तीने बरे होणारे नव्हते. नोव्हेंबरमध्ये आलेला, मोठ्या कॅशचा ९८००एक्स थ्रीडी मात्र पुन्हा स्पष्टपणे पुढे गेला.

या चाचण्यांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. परीक्षक प्रोसेसर तपासताना मुद्दाम सर्वांत महाग ग्राफिक्स कार्ड लावतात आणि पडद्यावरील ठिपके कमी ठेवतात, म्हणजे दोन प्रोसेसरांतला फरक उघडा पडावा. त्यांच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण घरचे यंत्र तसे नसते. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. फोर-के पडद्यावर त्याच्या चौपट, ८२,९४,४००. समजा, एका फ्रेमसाठी तुमच्या प्रोसेसरला ६ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला १४. दोघे शेजारी शेजारी काम करीत असल्याने फ्रेम बाहेर पडते ती १४ च्याच हिशेबाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ७१. नवा प्रोसेसर आणून ६ चे ४ केलेत तरी १४ चे १४ च राहतात.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरीच एक प्रयोग करावा. नेहमीचा गेम नेहमीच्या ठिकाणी सुरू करून सेकंदाच्या फ्रेमचा आकडा टिपावा. मग पडद्याचे रेझोल्यूशन एकदम खाली आणून पुन्हा टिपावा. आकडा जागच्या जागी राहिला आणि फ्रेमवर काही मर्यादा घातलेली नसली, तर अडवणूक बहुधा प्रोसेसरची आहे. आकडा भरभर चढला तर ती कार्डाची. पडदाच सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा असेल आणि गेम तेथवर सुखाने पोहोचत असेल, तर 'डूम'मधल्या ३५ च्या भिंतीची येथे आठवण ठेवावी. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांच्या मागणीने रॅमचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा ज्या बदलात रॅमही बदलावी लागते त्याचा आणि नुसता प्रोसेसर बदलण्याचा हिशेब वेगवेगळा मांडणे बरे. जुन्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवावयाचा असल्यास मात्र बोर्डाचे बायोस आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, अद्ययावत करून घ्यावे. नंतर ते करावयास गेले तर बोर्ड नव्या पाहुण्याला ओळखच देत नाही.