ओव्हरक्लॉकिंग: कॉम्प्युटर सुरू झाला म्हणजे जमलं, असं का नसतं?

डेस्कटॉपच्या बायोसमध्ये जायचं, एका रकान्यात ४३ च्या जागी ५० लिहायचं, सेव्ह करायचं आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा. ओव्हरक्लॉकिंगमध्ये हाताने करायचं काम जवळपास एवढंच असतं. विंडोज सुरू होतं, स्क्रीनवर ५ गिगाहर्ट्झ दिसतात आणि एक रुपयाही खर्च न करता वेगवान प्रोसेसर मिळाल्यासारखं वाटतं. मग रात्री गेम खेळताना अचानक निळी स्क्रीन येते. दोन दिवसांनी एखादी झिप फाइल उघडेनाशी होते.

पहिल्यांदा ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडते. वेग वाढवणं सोपं असतं. वाढवलेला वेग प्रोसेसरला खरंच झेपतोय का, हे तपासणं अवघड असतं.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमकं काय?

प्रोसेसरचं काम ठोक्यांवर चालतं. एका सेकंदात किती ठोके पडतात, तो त्याचा क्लॉक स्पीड. हा वेग दोन आकड्यांच्या गुणाकाराने ठरतो: बेस क्लॉक आणि मल्टिप्लायर. आजच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ असतो. मल्टिप्लायर ४३ असेल तर वेग ४.३ गिगाहर्ट्झ, ५० असेल तर ५ गिगाहर्ट्झ.

उदाहरणार्थ, इंटेलचा २०१७ मध्ये आलेला कोअर आय५-८६००के. कंपनीच्या हिशेबाने त्याचा मूळ वेग ३.६ आणि टर्बोमधला कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्झ. तो त्यापुढे नेला की झालं ओव्हरक्लॉकिंग.

प्रत्येक प्रोसेसरमध्ये हे करता येतं का?

नाही, आणि नवशिक्याची पहिली निराशा बहुधा इथेच होते. इंटेलमध्ये साधारणपणे नावाच्या शेवटी 'के' असलेल्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर वाढवता येतो, आणि त्यासाठी मदरबोर्डही 'झेड' मालिकेच्या चिपसेटचा लागतो. एएमडीच्या बहुतेक डेस्कटॉप रायझन प्रोसेसरमध्ये ही सोय असते, पण ए३२० किंवा ए५२० सारख्या स्वस्त चिपसेटच्या मदरबोर्डवर ती मिळत नाही. रायझन ७ ५८००एक्स३डी सारखे काही प्रोसेसरही कंपनीनेच लॉक केलेले असतात. म्हणून बायोस उघडण्याआधी प्रोसेसर आणि मदरबोर्ड या दोन्हींचं पूर्ण नाव तपासणं गरजेचं.

वेग वाढवला की व्होल्टेज का वाढवावं लागतं?

५ गिगाहर्ट्झला एका ठोक्यासाठी फक्त ०.२ नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटीमीटर जातो. प्रोसेसरमधल्या ट्रान्झिस्टरना आपलं काम तेवढ्यात संपवावं लागतं. काम संपायच्या आत पुढचा ठोका पडला, तर उत्तर चुकतं. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर जास्त चपळ होतात आणि वेळेत काम उरकतात.

पण त्याची किंमत उष्णतेच्या रूपात मोजावी लागते. प्रोसेसर खात असलेली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर हिशेब होतो १.१ × १.१ × १.१, म्हणजे सुमारे ३३ टक्के जास्त वीज. ती सगळी शेवटी उष्णता बनते आणि कूलरला बाहेर काढावी लागते.

नवशिके कुठे अडतात?

१. स्क्रीन काळी, पंखे मात्र चालू. सेटिंग फारच पुढे गेलं की कॉम्प्युटर सुरूच होत नाही. प्रोसेसर जळाला, या भीतीने घाम फुटतो, पण बहुतेक वेळा काहीही जळालेलं नसतं. अनेक मदरबोर्ड दोन-तीनदा अपयश आल्यावर आपोआप जुन्या सेटिंगवर येतात. तसं झालं नाही तर सीमॉस क्लिअर करावं लागतं: वीजपुरवठा पूर्ण बंद करून मदरबोर्डवरचा ठरलेला जंपर किंवा बटण वापरायचं, नाहीतर सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी काही मिनिटं काढून ठेवायची. बायोसची सगळी सेटिंग्ज मूळ पदावर येतात.

२. वेग वाढवला, स्कोअर कमी झाला. प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांमध्ये ९५. साध्या कूलरवर ५ गिगाहर्ट्झचा हट्ट धरला, तर काम प्रत्यक्षात आधीपेक्षा हळू होऊ शकतं.

३. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडलं. कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून अनेक मदरबोर्ड अशा वेळी गरजेपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देतात. सगळं सुरळीत दिसतं, फक्त प्रोसेसर विनाकारण तापत राहतो.

४. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या. मल्टिप्लायर, व्होल्टेज आणि रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल, सगळं एका दमात. मग निळी स्क्रीन आली की दोष कुणाचा, हे कळायला मार्गच उरत नाही. कित्येकदा प्रोसेसर बिचारा ठीक असतो आणि गडबड रॅमची निघते.

५. दुसऱ्याचे आकडे उचलले. व्हिडिओत कुणीतरी तोच प्रोसेसर ५.२ गिगाहर्ट्झवर चालवलेला असतो. तेच आकडे घातल्यावर आपला मात्र ४.९ लाच मान टाकतो. एकाच मॉडेलच्या, एकाच कारखान्यातल्या दोन चिपमध्येही बारीक फरक असतात. एकीला कमी व्होल्टेज पुरतं, दुसरीला जास्त लागतं. याला सिलिकॉन लॉटरी म्हणतात. आपल्या वाट्याला कोणती चिप आली, ते फक्त तपासूनच समजतं.

६. हवामान विसरलं. कूलर प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो. खोली १५ अंशांनी तापली, तर प्रोसेसरचं तापमानही जवळपास तेवढंच वर जातं. डिसेंबरात विनातक्रार चाललेलं सेटिंग नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात कोलमडू शकतं.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

निळी स्क्रीन त्रासदायक असते, पण ती निदान सांगून येते. खरा धोका न दिसणाऱ्या चुकांचा. प्रोसेसर किंवा रॅम सीमारेषेवर चालत असेल तर लाखो गणितं बरोबर येतात आणि एखादंच चुकतं. कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण चुकलेला आकडा फाइलमध्ये लिहिला जातो. फोटो अर्धवट उघडतो, इन्स्टॉल करताना विचित्र एरर येतात, विंडोजच्या फाइल खराब होतात. आठवडाभराने हे लक्षात येतं, तेव्हा ओव्हरक्लॉकिंगशी त्याचा संबंध कुणी जोडतही नाही. म्हणून प्रयोगाआधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेणं ही पहिली पायरी आहे.

दुसरा धोका सावकाश येतो. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमानात चिप हळूहळू झिजते. जो वेग आज आरामात मिळतो, त्यालाच काही महिन्यांनी जास्त व्होल्टेज लागू लागतं. व्होल्टेजने काय होऊ शकतं, याचं मोठं उदाहरण २०२४ मध्ये दिसलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरतेच्या तक्रारी आल्या आणि कंपनीने त्याचा संबंध वाढीव व्होल्टेजशी असल्याचं सांगितलं. मायक्रोकोड अपडेट दिले गेले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण ज्या प्रोसेसरचं नुकसान होऊन गेलं होतं, ते अपडेटने बरे होणार नव्हते.

ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान मात्र इंटेल आणि एएमडी या दोघांच्याही नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही.

मग सुरुवात कशी करावी?

आधी काहीही न बदलता मूळ सेटिंगवर सिनेबेंच चालवून स्कोअर लिहून ठेवावा. एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये तापमान आणि व्होल्टेज पाहावं. मूळ सेटिंगवरच प्रोसेसर ९० अंशांच्या पुढे जात असेल, तर आधी कूलरकडे लक्ष द्यावं.

त्यानंतर मल्टिप्लायर एकाने वाढवावा, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. दहा-पंधरा मिनिटांची चाचणी घ्यावी. टिकला तर आणखी एक. कोसळला तर व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ व्होल्टने वाढवून पुन्हा पाहावं. तापमान किंवा आपण आधी ठरवलेली व्होल्टेजची मर्यादा गाठली की तिथेच थांबावं. ही मर्यादा त्याच मॉडेलची माहिती वाचून ठरवावी, कारण एका पिढीला चालणारं व्होल्टेज दुसरीला घातक ठरू शकतं. प्रत्येक बदल वहीत टिपावा.

शेवटी प्राइम९५ किंवा ओसीसीटीसारखी कडक चाचणी काही तास चालवावी. रॅमसाठी मेमटेस्ट८६ वेगळी घ्यावी. त्यात एकही चूक आली, तर सेटिंग नापास. अशा वेळी एक पायरी खाली उतरणं शहाणपणाचं. ५.१ च्या ऐवजी ५ गिगाहर्ट्झ मिळाल्याने फरक पडतो २ टक्क्यांचा, आणि तो रोजच्या वापरात जाणवतही नाही.

आज याची गरज उरली आहे का?

१९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए गाजला, तो याच कारणाने. बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर चालायचा, म्हणजे थेट ५० टक्के वाढ. २०११ च्या कोअर आय५-२५००के मध्येही ३.३ वरून ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत जाणं सर्रास जमायचं.

आता कंपन्या ती राखीव ताकद स्वतःच वापरतात. कोअर आय९-१४९००के कारखान्यातूनच ६ गिगाहर्ट्झपर्यंतच्या टर्बोसह येतो. त्यामुळे हाताशी उरणारी वाढ अनेकदा थोड्याच टक्क्यांची असते. गेममध्ये ग्राफिक्स कार्ड कमी पडत असेल, तर तीही दिसत नाही.

म्हणून आज बरेच जण उलट्या वाटेने जातात. वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडं कमी करतात, याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर हेच काम करतो. प्रोसेसर कमी तापतो आणि त्यामुळे टर्बोचा वेग जास्त वेळ टिकतो. पण व्होल्टेज गरजेपेक्षा खाली गेलं तरी गणित चुकतंच, त्यामुळे तासन्‌तास चाचणी घेण्याची कटकट इथेही सुटत नाही.