मनोविकृतीमुळे दोषमुक्त झालेल्यांची स्थानबद्धता

कृत्य करतेवेळी बुद्धिविकृतीमुळे त्याचे स्वरूप वा अवैधता न उमगणारा इसम अपराधी नव्हे, असे १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ८४ व्या कलमाने ठरविले. मात्र अशी दोषमुक्ती म्हणजे सुटका नव्हे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३३५ व्या कलमान्वये (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३७४) न्यायालय त्यास सुरक्षित ताब्यात ठेवते, अथवा अर्ज व तारण घेऊन आप्ताच्या वा मित्राच्या हवाली करते. ताब्यात ठेवलेल्याची सुटका पुढे राज्यशासनाच्या हाती जाते. तो स्वतःस वा इतरांस अपाय करणार नाही, असा दाखला मिळाल्यावर शासन त्यास सोडू शकते. सोडलेच पाहिजे असे नाही.

खरी अडचण आप्तांची. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. पेण वा रोह्याच्या खेड्यातील कुटुंबास तेथवर पाठपुरावा करणे जड जाते. शिवाय बळी पुष्कळदा घरातलाच असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दोषमुक्त केलेल्या महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाने पत्नीसच ठार केले होते.

बरे झालेले मनोरुग्णही हजारीबागच्या तुरुंगात वर्षानुवर्षे अडकून पडल्याचे वीणा सेठी खटल्यात (१९८२) उघड झाले व सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता करविली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जोन्स खटल्यात (१९८३) शिक्षेच्या कमाल मुदतीपलीकडची स्थानबद्धताही वैध मानली. फूशा खटल्यात (१९९२) मात्र आजार उरला नसल्यास केवळ धोक्याच्या भीतीने कोंडता येत नाही, असा निर्णय दिला. भारतीय संहितेत अशा स्थानबद्धतेची कमाल मुदत घातलेली नाही.