टोपलीत कोणाचा संसार? जिनिव्हातील पगाराचा एक इतिहास

१९२९ साली फोर्ड मोटार कंपनीच्या वतीने जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम कार्यालयास एक प्रश्न विचारण्यात आला. डेट्रॉइटमधील आमचा कामगार ज्या राहणीने राहतो त्याच राहणीने युरोपातील निरनिराळ्या शहरांत राहायचे, तर तेथील कामगारास किती वेतन द्यावे लागेल? प्रश्न वरकरणी अंकगणिताचा होता. परंतु कार्यालयाच्या नियामक मंडळात त्यावरून मोठा वाद झाला. एका शहराच्या वेतनाशेजारी दुसऱ्या शहराचे वेतन मांडले की तफावत उघडी पडते, आणि ती उघडी पडावी असे कोणत्याच मालकास वा सरकारास वाटत नसते. खर्चाचा भार अखेर बॉस्टनचे दुकानदार एडवर्ड फायलीन यांच्या प्रेरणेने मिळालेल्या पंचवीस हजार डॉलरच्या देणगीने उचलला.

डेट्रॉइटमध्ये अमेरिकी कामगार-सांख्यिकी विभागाने रोजी सात डॉलर मिळविणाऱ्या शंभर कामगारांच्या कुटुंबांचा जमाखर्च उतरवून घेतला. जवळजवळ निम्म्या कुटुंबांकडे मोटार होती. सरासरी उत्पन्न सुमारे १,७१२ डॉलर आणि सरासरी खर्च सुमारे १,७२० डॉलर. म्हणजे जगातील सर्वांत हेवा वाटावा असा हा कामगारही वर्षाअखेरीस किंचित तुटीतच होता. हा संसार आता युरोपात नेऊन बसवायचा होता. तो बसेना. डेट्रॉइटच्या यादीतील वस्तू पॅरिसमध्ये मिळत असली, तरी ती तेथील कामगाराच्या घरात असतेच असे नाही. आणि पॅरिसच्या कामगाराला जी वस्तू जीव की प्राण, ती डेट्रॉइटच्या यादीत मुळी नाहीच. अमेरिकी यादी धरली तर युरोप महाग दिसतो, युरोपातील यादी धरली तर तितका दिसत नाही. भाषांतर करणाऱ्यास हा पेच परिचयाचा आहे. शब्दाला प्रतिशब्द सापडतो, पण त्या शब्दाने जे घर उभे केलेले असते ते सापडत नाही. १९३२ साली अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा मंदीने फोर्डचा सात डॉलरचा दरही जाग्यावर ठेवला नव्हता.

दुसऱ्याच्या पगाराची मोजदाद करणाऱ्या या मंडळींना स्वतःच्या पगाराचा प्रश्न त्याआधीच पडलेला होता. १९२१ साली राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ समितीने, फ्रेंच लोकप्रतिनिधी जॉर्ज नोबलमेअर यांच्या अध्यक्षतेखाली, एक तत्त्व घालून दिले : आंतरराष्ट्रीय सेवेतील वेतन सर्वाधिक वेतन देणाऱ्या देशाच्या मुलकी सेवेशी तुल्य असावे, नाहीतर त्या देशातील माणसे येणारच नाहीत. तेव्हा तो मान ब्रिटिश सेवेचा होता. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या काळात तो अमेरिकेच्या संघराज्य सेवेकडे गेला. हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य होता, वर्गणीही भरभक्कम भरत होता, मात्र त्या सचिवालयात हिंदी माणसे बोटांवर मोजण्याइतकी, ही आपल्या प्रतिनिधींची जुनी तक्रार.

गंमत अशी की त्याच १९२१ साली मुंबई सरकारचे कामगार कार्यालय सुरू झाले आणि जी. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी झाली. १९२३ च्या अहवालातील एक निष्कर्ष पुढे वारंवार उद्धृत झाला : मुंबईचा कामगार जितके धान्य खातो ते दुष्काळसंहितेने ठरविलेल्या कमाल प्रमाणाइतके असले, तरी तुरुंगाच्या नियमावलीतील शिध्याहून कमी आहे. जिनिव्हात प्रश्न होता उत्तम माणूस कसा मिळवावा हा. परळ-लालबागेत होता माणूस कसा जगतो हा. पद्धत मात्र एकच. घरोघर जाऊन विचारायचे, काय घेतले, कितीला घेतले.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९५० च्या दशकात या पद्धतीला जे रूप दिले त्याचे नाव ‘पोस्ट ॲडजस्टमेंट’. आपण त्याला स्थानसमायोजन भत्ता म्हणू. मूळ वेतन सर्वत्र सारखे, त्यावर स्थळानुसार गुणक. गुणकाचा एक अंक म्हणजे मूळ निव्वळ वेतनाचा एक टक्का. आधारशहर न्यूयॉर्क. हेतू असा की नैरोबी असो की व्हिएन्ना, समान पदावरील माणसाची क्रयशक्ती समान राहावी. १९७४ साली आमसभेने स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय मुलकी सेवा आयोगाकडे हे काम आले. आयोग ठरावीक काळाने कर्मचाऱ्यांना प्रश्नावली पाठवितो. किराणा, कपडे, शाळा, मोलकरीण, घरभाडे, आरोग्यविमा, आणि कामाच्या ठिकाणाबाहेर होणारा खर्चही. या उत्तरांतून प्रत्येक बाबीचा भारांक निघतो, दुकानांतून भाव गोळा होतात, विनिमयदराचा हिशेब जोडला जातो. एरवी कोणी आपल्या रोजच्या खर्चाला साहित्य म्हणणार नाही. पण ही प्रश्नावली भरणारा माणूस आत्मचरित्रच लिहीत असतो, फक्त वाचक ते बेरजेसाठी वाचतो.

जिनिव्हाबाबत ही बेरीज विशेष नाजूक. शहर महाग, सीमा हाकेच्या अंतरावर. अनेक कर्मचारी फ्रान्समध्ये राहतात, तेथेच बाजार करतात. त्यांचे शहर कोणते? २०१६ च्या पाहणीवरून आयोगाने २०१७ साली जिनिव्हातील वेतनात सुमारे ७.७ टक्के कपात सुचविली. ओरड झाल्यावर नियम सैल करून ती पाचेक टक्क्यांवर आणली. संस्थांच्या संख्याशास्त्रज्ञांनी पद्धतीवरच बोट ठेवले. २०१८ साली जिनिव्हात काम बंद ठेवण्यात आले. ज्या संघटनेने १९२५ व १९२६ च्या संख्याशास्त्रज्ञ परिषदांतून निर्वाहखर्च-निर्देशांक आणि कुटुंब-जमाखर्च पाहण्यांची रीत जगाला घालून दिली, तिचेच कर्मचारी आता आपल्या जमाखर्चाच्या वाचनाविरुद्ध दाद मागत होते. हा काव्यगत न्याय म्हणावा की निव्वळ योगायोग, हे मी वाचकांवर सोपवितो.

जुलै २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने कपात रद्द ठरविली. कारण भाजीच्या भावाचे नव्हते, अधिकाराचे होते : आयोगाच्या संविधीप्रमाणे असा भत्ता ठरविणे आमसभेचे काम, आयोगाने फक्त शिफारस करावी. संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्वतःच्या न्यायाधिकरणांनी मात्र आयोगाचा अधिकार मान्य केला. परिणामी एकाच जिनिव्हात दोन गुणक लागू झाले. श्रम संघटना किंवा आरोग्य संघटना यांतील माणसास एक, आणि पालेस दे नास्यों या संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीतील माणसास दुसरा; दोघे एकाच ट्रामने कामावर जाणारे, एकाच दुकानात पाव घेणारे. २०२२ च्या अखेरीस आमसभेने संविधीचे शब्द बदलून आयोगाचा अधिकार स्पष्ट केला. त्याआधीच, २०२१ साली, नव्या पाहणीची प्रश्नावली कर्मचाऱ्यांच्या हाती पडलेली होती.